प्रतीक्षा, श्रद्धा आणि सांत्वन : पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती जीवनाचा एक ऐतिहासिक अभ्यास (१८८३–१९२२)

गोषवारा :

ईश्वराची वाट पाहणे आणि त्याच्या ठायी सांत्वन मिळणे ही ख्रिस्ती धर्मपरंपरेतील एक मूलभूत कल्पना आहे. प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाई यांच्या जीवनाच्या आधारे या कल्पनेचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा बहुधा १८८३ या एका वर्षाभोवती केली जाते. तथापि, त्यांच्या स्वतःच्या निवेदनानुसार बाप्तिस्मा आणि आंतरिक समाधान यांच्यामध्ये आठ वर्षांचे अंतर होते. या आठ वर्षांपासून बायबलच्या मराठी भाषांतराच्या अखेरच्या मुद्रितांपर्यंत रमाबाईंची प्रतीक्षा निष्क्रिय नव्हती. विवेकस्वातंत्र्य आणि सेवाकार्य या दोन रूपांनी ती प्रकट झाली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : प्रतीक्षा, सांत्वन, पंडिता रमाबाई, मुक्ती मिशन, वैधव्य, बायबलचे मराठी भाषांतर.

१. प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. संस्कृत विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, शारदा सदनाच्या संस्थापिका आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या प्रवर्तक अशा विविध भूमिकांतून त्यांचा अभ्यास झाला आहे. त्यांच्या धर्मांतरावरही विपुल लेखन उपलब्ध आहे. मात्र या लेखनाचा भर प्रामुख्याने घटनांवर राहिला. १८८३ चा बाप्तिस्मा, १८९३ चा शारदा सदनाचा वाद, १९०५ चे धार्मिक पुनरुज्जीवन या घटना ठळक आहेत. या घटनांच्या दरम्यानचा काळ मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला.

हा मधला काळ रमाबाईंच्या जीवनात अतिशय महत्त्वाचा आहे. त्या काळात त्या कशाची तरी वाट पाहत होत्या. कधी मनाच्या निश्चयाची, कधी उद्याच्या धान्याची, तर कधी आपले काम पुरे होईल एवढ्या आयुष्याची. ही प्रतीक्षा त्यांनी कशी केली आणि तिच्यातून त्यांना कोणते सांत्वन लाभले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय. त्यासाठी रमाबाईंचे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मनिवेदन आणि त्यांचा पत्रव्यवहार यांचा मुख्यतः आधार घेतला आहे. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. श्रद्धेचे सत्यासत्य ठरविणे हे इतिहासाचे कार्य नव्हे. श्रद्धेमुळे माणसे कशी जगली, हे पाहणे मात्र इतिहासाच्या कक्षेत येते.

२. ख्रिस्ती शास्त्रातील प्रतीक्षा व सांत्वन

बायबलच्या जुन्या करारात प्रतीक्षेची कल्पना वारंवार येते. ‘कावा’ या हिब्रू क्रियापदात वाट पाहणे आणि आशा धरणे हे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. त्याच धातूशी जोडलेला ‘तिक्वा’ हा शब्द आशा या अर्थाने येतो आणि यहोशवाच्या ग्रंथातील राहाबच्या कथेत तोच शब्द दोरीसाठी वापरलेला आहे. पीळ दिलेल्या दोरीला जसा ताण असतो तसा ताण या प्रतीक्षेतही आहे. आळसाने स्वस्थ बसणे असा तिचा अर्थ होत नाही. स्तोत्रसंहितेतील अनेक स्तोत्रांत संकटग्रस्त भक्त ईश्वराकडे तक्रार करतो, विलंबाबद्दल त्याला जाब विचारतो आणि तरीही त्याची वाट सोडत नाही.

या कल्पनेला ऐतिहासिक आशय प्राप्त झाला तो बाबेलमधील बंदिवासात. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेमचा पाडाव झाला, मंदिर उद्ध्वस्त झाले आणि यहुदी समाजातील अनेकांना बाबेलला नेण्यात आले. इ. स. पू. ५३९ मध्ये पर्शियाचा राजा कोरेश याने बाबेल जिंकल्यानंतर परतीचा मार्ग खुला झाला. यशयाच्या ग्रंथाचा चाळिसाव्या अध्यायापासूनचा भाग या पार्श्वभूमीवर वाचला जातो. त्याचा आरंभ सांत्वनाच्या आदेशाने होतो आणि त्याच अध्यायाचा शेवट ईश्वराची वाट पाहणाऱ्यांना मिळणाऱ्या नव्या बळाने होतो. प्रतीक्षा व सांत्वन यांची ही जोडी पुढे ख्रिस्ती परंपरेत स्थिर झाली.

नव्या करारात ही जोडी सर्वाधिक स्पष्टपणे दिसते ती लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात. तेथे इस्राएलाच्या सांत्वनाची वाट पाहणारा वृद्ध शिमोन येतो. त्याच्या पाठोपाठ हन्ना ही संदेष्टी येते. विवाहानंतर अवघ्या सात वर्षांत विधवा झालेली ही स्त्री वृद्धपणी मंदिर न सोडता उपवास व प्रार्थना यांत काळ कंठीत असते. बालक येशूच्या दर्शनानंतर ती स्वस्थ राहत नाही. सुटकेची वाट पाहणाऱ्या सर्वांना ती त्याच्याविषयी सांगू लागते. एका विधवेची दीर्घ प्रतीक्षा येथे वाणीत परिणत होते. रमाबाईंच्या जीवनाचा विचार करताना या प्रसंगाचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी जो ग्रीक शब्द योजला आहे त्याचा मराठी अनुवाद ‘कैवारी’ असा करण्यात आला. बाजूने उभा राहणारा तो कैवारी. म्हणजेच ख्रिस्ती अर्थाने सांत्वन म्हणजे केवळ अश्रू पुसणे नसून दुःखिताची बाजू घेणे होय.

३. पहिली प्रतीक्षा : दुष्काळ व तीर्थयात्रा

रमाबाईंना प्रतीक्षेचा अनुभव ख्रिस्ती धर्मातून प्रथम आला नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान व कर्मनिष्ठ ब्राह्मण होते. पत्नी लक्ष्मीबाई व मुलगी रमा यांना त्यांनी संस्कृत शिकविले आणि त्यासाठी स्वकीयांचा विरोध सोसला. पुराणकथन करीत हे कुटुंब तीर्थक्षेत्री फिरत असे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा कुटुंबाजवळचे द्रव्य संपले. रमाबाईंच्या आठवणींनुसार त्या काळात कुटुंबाने जप, उपवास, प्रदक्षिणा व दानधर्म यांवर सर्व भिस्त ठेवली. देव प्रसन्न होईल आणि संकट टळेल, अशी आशा होती. अंगमेहनतीचे काम करण्याची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. अखेर रानात पाला व पाणी यांवर दिवस काढण्याची पाळी आली. पवित्र तीर्थात देह विसर्जित करण्याचा विचार वडिलांनी बोलून दाखविला. तेव्हा मुलगा श्रीनिवास याने जातीचा अभिमान सोडून मजुरी करण्याची तयारी दर्शविली. परंतु तोवर उशीर झाला होता. वडील, आई आणि थोरली बहीण यांचा लागोपाठ मृत्यू झाला.

त्यानंतर श्रीनिवास व रमा ही भावंडे देशभर पायी हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत वाळूत खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून, कोरडी वाळू अंगावर ओढून त्यांनी रात्र काढल्याचा उल्लेख रमाबाईंनी केला आहे. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथे रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविण्यात आले. १८८० मध्ये श्रीनिवासाचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा हिचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

या सर्व अनुभवांतून रमाबाईंच्या मनात एक प्रश्न निर्माण झाला. स्त्रीने कशाची आणि किती काळ वाट पाहावयाची? आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, ज्या शास्त्रांचे त्यांनी अध्ययन केले त्यांनुसार स्त्रीला मोक्षासाठी असंख्य जन्म घेऊन ब्राह्मण पुरुषाचा जन्म प्राप्त होईपर्यंत थांबणे भाग होते. म्हणजे तिच्या प्रतीक्षेला अंत नव्हता. बालविधवेची लौकिक स्थितीही याहून निराळी नव्हती. तिला वाट पाहण्यासारखे काही उरलेले नव्हते. केवळ दिवस काढणे उरले होते. येथे एक गोष्ट नमूद करणे न्याय्य ठरेल. रमाबाईंचा हा अभिप्राय त्यांनी अनुभवलेल्या कर्मकांडप्रधान परंपरेविषयी आहे. महाराष्ट्रातील भक्तिपरंपरेत प्रतीक्षेचे वेगळे रूप आढळते. तेथे विठ्ठल स्वतः पुंडलिकासाठी विटेवर तिष्ठत उभा आहे आणि जनाबाईसारख्या दासीच्या कामात तो हातभार लावतो. रमाबाईंच्या वाट्याला हा वारसा फारसा आला नाही, ही त्यांच्या चरित्रातील महत्त्वाची बाब मानावी लागेल.

४. विवेकाची प्रतीक्षा : वाँटेज ते पुणे (१८८३–१८९१)

रमाबाईंचा ख्रिस्ती धर्मग्रंथाशी पहिला परिचय निष्फळ ठरला होता. कलकत्त्यात त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले. परंतु त्यातील भाषा त्यांना विचित्र वाटली व अर्थबोध झाला नाही. पुढे सिल्चर येथे पतीच्या घरी असताना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली आणि ती त्यांनी आवडीने वाचली. ज्या शुभवर्तमानात विधवा हन्ना येते तेच शुभवर्तमान प्रथम त्यांच्या मनाला भिडले, हा योगायोग लक्षणीय आहे.

१८८२ मध्ये पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीती’ हा ग्रंथ लिहिला आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या आश्रमात राहिल्या. भगिनींनी लंडनमधील फुलहॅम येथे चालविलेले पतित स्त्रियांचे आश्रयस्थान त्यांनी पाहिले. ज्यांना समाजाने टाकले त्यांची सेवा या स्त्रिया का करतात, असे त्यांनी विचारले. तेव्हा त्यांना येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा प्रसंग वाचून दाखविण्यात आला. या अनुभवाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. सांत्वन हे कृतीतून व्यक्त होते, हा धडा त्यांनी येथे घेतला. याच वर्षी त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा वाँटेज येथे दुर्दैवी अंत झाला. श्रवणशक्ती क्षीण झाल्याने वैद्यकीय शिक्षणाचा विचारही सोडून द्यावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याने शोध संपला असता तर इतिहासाला येथे थांबता आले असते. परंतु त्यानंतरच्या पत्रव्यवहारात एक तीव्र संघर्ष दिसतो. १८८५ च्या सुमारास त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, कुमारीपासून जन्म इत्यादी प्रश्नांवर रमाबाईंनी शंका उपस्थित केल्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. त्यांना मनोरमेच्या बोलीनुसार ‘आजीबाई’ म्हणणाऱ्या रमाबाई प्रेमाने, परंतु ठामपणे उत्तरे देत राहिल्या. भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली आपली मान पुन्हा दुसऱ्या जोखडाखाली देण्यास आपण तयार नाही, असा त्यांचा आशय होता. मनास पटल्याशिवाय मान्य करणे हे त्यांच्या दृष्टीने असत्य होते. या काळात त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत व शिकवीत होत्या. तेथील प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांच्या शंका अधिक समजुतीने घेतल्याचे पत्रांवरून दिसते.

ही विवेकाची प्रतीक्षा होती. तिच्या समकालीन नमुन्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून दिसते की, पतीच्या मागे जाणे आणि स्वतःच्या मनाने जाणे यांतील भेद त्यांना पुरता कळत होता. महाराष्ट्रातील ख्रिस्ती स्त्रियांच्या इतिहासात ‘थांबणे’ हा अनेकदा स्वातंत्र्याचाच एक प्रकार होता, असे म्हणता येईल.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या त्यांच्या ग्रंथामुळे विधवांच्या प्रश्नाकडे अमेरिकेचे लक्ष वेधले गेले आणि १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून प्रसिद्ध झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्यास हलविण्यात आले. बाह्यतः हा यशाचा काळ होता. तथापि, रमाबाईंच्या निवेदनानुसार आत एक रितेपण होते. ख्रिस्ती धर्म आपणास मिळाला, परंतु ख्रिस्त मिळाला नाही, अशा आशयाचे वर्णन त्यांनी या अवस्थेचे केले आहे.

१८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मोपदेशकाचे ‘फ्रॉम डेथ इन्टू लाइफ’ हे पुस्तक त्यांच्या वाचनात आले. उपदेशकाचा व्यवसाय करीत असतानाही आपले अंतःकरण कोरडे होते आणि स्वतःच्याच प्रवचनाच्या वेळी आपले परिवर्तन झाले, अशी हॅस्लम यांची हकीकत आहे. रमाबाईंना तिच्यात आपली स्थिती दिसली. त्यानंतर त्यांना जे समाधान लाभले त्याचे मर्म असे की, तारणासाठी जात, लिंग, कर्म वा कोणी मध्यस्थ यांची आवश्यकता नाही आणि अगणित जन्मांची वाट पाहण्याचेही कारण नाही. जी प्रतीक्षा स्त्रीवर लादली होती ती त्यांच्यापुरती संपली. येथून पुढची प्रतीक्षा वेगळ्या प्रकारची होती.

५. केडगाव : विश्वासाचे अर्थशास्त्र

या आंतरिक समाधानाची किंमत लवकरच द्यावी लागली. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. धार्मिक तटस्थतेचे अभिवचन मोडले, असा आक्षेप घेण्यात आला. १८९३ मध्ये न्या. महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सुधारकांचा पाठिंबा गमावणे हा रमाबाईंच्या सार्वजनिक जीवनातील मोठा आघात होता.

याच काळात रमाबाईंनी तीन ग्रंथ मनःपूर्वक वाचल्याचे त्या सांगतात. ब्रिस्टल येथे हजारो अनाथांचा सांभाळ करणारे जॉर्ज म्यूलर, चीन अंतर्देशीय मिशनचे संस्थापक हडसन टेलर आणि न्यू हेब्रिडीज बेटांवर कार्य करणारे जॉन पॅटन यांच्याविषयीचे हे ग्रंथ होत. कोणाकडेही थेट पैसे न मागता ईश्वराकडे प्रार्थना करावी आणि येईल त्यावर काम चालवावे, हे म्यूलर व टेलर यांच्या कार्याचे सूत्र होते. अमेरिकेतील असोसिएशनने दिलेल्या दहा वर्षांच्या साहाय्याची मुदत संपत आली असताना रमाबाईंनी हेच सूत्र आपलेसे केले.

१८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आपल्या कुटुंबाची वीस वर्षांपूर्वीची उपासमार त्यांना तेथे पुन्हा दिसली. सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध आल्याने त्यांना केडगाव येथे नेण्यात आले. तेथे रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. आरंभी झोपड्या व तंबू यांत निवारा करण्यात आला. नंतर विहिरी खणल्या, इमारती उभ्या राहिल्या आणि ‘मुक्ती’ हे नाव रूढ झाले. १९०० च्या दुष्काळानंतर आश्रितांची संख्या जवळपास दोन हजारांवर गेली. पतित स्त्रियांसाठी कृपा सदन सुरू झाले. मनोरमेच्या पुढाकाराने अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्यात येऊ लागली. शेती, दुग्धशाळा, तेलघाणा, हातमाग, शिवणकाम आणि मुद्रणालय हे सर्व स्त्रियांच्या श्रमावर चालत असे.

या ठिकाणी एक बाब विचारात घेण्यासारखी आहे. वडिलांच्या कुटुंबाने दुष्काळात प्रार्थना केली आणि रमाबाईंनीही दुष्काळात प्रार्थना केली. दोन्ही ठिकाणी उद्याचे अन्न अनिश्चित होते. मग फरक कोणता? पहिल्या प्रतीक्षेत श्रम निषिद्ध होते. दुसऱ्या प्रतीक्षेत श्रम हा प्रार्थनेचाच भाग होता. पावसासाठी प्रार्थना करायची आणि त्याच वेळी विहीरही खणायची, अशी केडगावची रीत होती. श्रीनिवासाने वडिलांना मजुरीची तयारी फार उशिरा दर्शविली, ही खंत मुक्तीच्या उभारणीमागे असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

६. सामूहिक प्रतीक्षा : १९०५

येशूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्यांनी यरुशलेमात थांबून पवित्र आत्म्याची वाट पाहिली, असे प्रेषितांच्या कृत्यांत म्हटले आहे. हे थांबणे एकट्याचे नव्हते. माडीवरच्या त्या खोलीत स्त्रियाही होत्या. १९०४ मध्ये वेल्समध्ये धार्मिक पुनरुज्जीवनाची मोठी लाट आली व तिचे वृत्त जगभर पसरले. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुक्तीतील स्त्रियांना रोज एकत्र प्रार्थनेसाठी येण्याचे आवाहन केले. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या सुमारे साडेपाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस केडगाव येथे पुनरुज्जीवनास प्रारंभ झाला. पश्चात्ताप, अश्रू, उच्च स्वरातील सामूहिक प्रार्थना आणि आनंद यांची वर्णने तत्कालीन वृत्तांतांत आढळतात. जागतिक पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात या घटनेची नोंद घेतली जाते. कारण ती अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील १९०६ च्या अझुसा स्ट्रीट पुनरुज्जीवनाच्या आधीची आहे.

सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने या घटनेचा एक पैलू महत्त्वाचा आहे. ज्या विधवांना शुभकार्यात उभे राहण्याची मुभा नव्हती आणि ज्या दुष्काळग्रस्त मुलींना कोणी नावाने हाक मारीत नव्हते, त्या येथे मोठ्याने बोलत होत्या. त्यांच्यापैकी अनेकजणी आसपासच्या खेड्यांत उपदेशासाठी गेल्या. हन्नेच्या कथेत विधवेची प्रतीक्षा ज्याप्रमाणे वाणीत परिणत झाली, त्याचप्रमाणे केडगावातही घडले.

७. अखेरची प्रतीक्षा : भाषांतर व मनोरमेचा मृत्यू

रमाबाईंच्या आयुष्यातील शेवटचे मोठे कार्य म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर होय. मराठीत बायबल तोपर्यंत नव्हते असे नाही. विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूर येथील प्रयत्नांपासून अनेक आवृत्त्या निघाल्या होत्या. परंतु त्यांची भाषा संस्कृतप्रचुर असून खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला ती कळत नाही, असे रमाबाईंचे मत होते. ज्या विदुषीला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटले, तिने आपली संस्कृत विद्वत्ता बाजूस ठेवून सोप्या मराठीचा आग्रह धरावा, ही घटना भाषेच्या इतिहासातही नोंद घेण्याजोगी आहे. संस्कृत बायबल हाती घेऊन अर्थ न लागल्याचा स्वतःचा अनुभव त्यांच्या स्मरणात असणे स्वाभाविक आहे.

या कामासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला. सुमारे पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चालले. मुक्तीच्या मुद्रणालयात खिळे जुळविणे, छपाई व बांधणी ही कामे तेथील स्त्रियाच करीत. रमाबाईंची श्रवणशक्ती जवळजवळ गेली होती व प्रकृतीही खालावली होती.

याच काळात त्यांच्यावर सर्वांत मोठा आघात झाला. मनोरमा ही त्यांची एकुलती कन्या, सहकारी आणि नियोजित उत्तराधिकारी होती. तिने पुढे मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केली होती आणि शारदा सदनाच्या शाळेची धुरा ती वाहत होती. २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे वयाच्या चाळिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता कन्या असे सर्व आप्त रमाबाईंनी गमावले. या दुःखात त्यांनी ईश्वराला दोष दिला नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांच्या मनात डोकावता येणार नाही. परंतु त्यांचे वर्तन पाहता येते. त्या पुन्हा मुद्रिते तपासावयास बसल्या. काम पूर्ण होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्यांनी केली आणि शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावर त्यांचा अंत झाला, असे मुक्ती मिशनच्या परंपरेत सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. छापून बांधलेला ग्रंथ त्यांना पाहावयास मिळाला नाही.

८. काही आक्षेपांचा विचार

धार्मिक सांत्वनामुळे माणूस अन्यायाशी तडजोड करतो, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो निराधार नाही. ‘धीर धर’ हा उपदेश दुर्बलांना गप्प बसविण्यासाठी अनेकदा वापरला गेला आहे. रमाबाईंच्या बाबतीत मात्र तो लागू पडत नाही. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची होणारी हेळसांड त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रातून उघड केली व ख्रिस्ती राज्यकर्त्यांचीही भीड ठेवली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुष्काळात आश्रय घेतलेल्या, सर्वस्वी संस्थेवर अवलंबून असलेल्या मुलींनी स्वीकारलेली श्रद्धा कितपत स्वेच्छेची होती? रमाबाईंनी स्वतः ज्या विवेकस्वातंत्र्यासाठी आठ वर्षे घेतली, तेवढा अवकाश या मुलींना मिळाला का? शारदा सदन व मुक्ती या दोन संस्थांच्या स्वरूपात या दृष्टीने फरक पडला, हे मान्य करावे लागते. शारदा सदन धार्मिक बाबतीत तटस्थ राहण्याच्या अटीवर स्थापन झाले होते; मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. पहिलीत मुलींना पालक होते व त्यांना परत नेणारे कोणीतरी होते. दुसरीतील बहुतेकींना परत जाण्यासाठी घरच नव्हते. या मुलींची स्वतःची निवेदने संख्येने अल्प आणि बहुतांशी मिशनच्या माध्यमातून आलेली असल्याने त्यांच्या प्रतीक्षेचा इतिहास लिहिणे कठीण आहे. रमाबाईंच्या कार्याचे मूल्यमापन करताना या मौनाची जाणीव ठेवणे अगत्याचे ठरते.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, रमाबाईंचे धर्मांतर ही १८८३ मधील एक घटना नसून १८८३ ते १८९१ या कालखंडात घडलेली प्रक्रिया होती व तिच्यात विवेकाला पटेपर्यंत थांबण्याचा आग्रह होता. दुसरा, स्त्रीच्या वाट्यास आलेल्या अंतहीन प्रतीक्षेला नकार देणे हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा होता. तिसरा, त्यानंतर त्यांनी जी प्रतीक्षा स्वीकारली तिच्यात प्रार्थना व श्रम यांची फारकत नव्हती. चौथा, सांत्वन हे त्यांनी केवळ स्वतःसाठी ठेवले नाही. विहीर, निवारा, ब्रेलचे पुस्तक आणि सोप्या मराठीतील धर्मग्रंथ ही त्या सांत्वनाची दृश्य रूपे होत.

रमाबाईंच्या जीवनात दुःखाचे कारण नाहीसे झाले, असे कधीच घडले नाही. दुष्काळ पुन्हा आला, मित्र दुरावले, कन्या गेली आणि हातातील ग्रंथ छापून झालेला पाहता आला नाही. श्रद्धेने त्यांना दुःखातून सूट दिली नाही. दुःख असताना दुसऱ्याची बाजू घेऊन उभे राहण्याचे बळ दिले. ख्रिस्ती परंपरेतील ‘कैवारी’ या शब्दाचा मराठी मुलखातील अर्थ समजून घ्यावयाचा असेल, तर केडगावच्या या इतिहासाकडे वळावे लागते.